उसन्या इतिहासाची राष्ट्रे : विज्ञानकथेतील इतिहास आणि धर्म

विज्ञानकथेसाठी राष्ट्र घडवायचे तर नुसता नकाशा काढून भागत नाही. तिथे कर कोण गोळा करतो, मेलेल्या माणसाचे काय करतात, वर्षाचा पहिला दिवस कोणता, शपथ कशाची घेतात, परक्याला घरात कुठवर येऊ देतात, हे सगळे लेखकाला ठाऊक असावे लागते. कथेत त्यातले थोडेच उतरते, पण ठाऊक नसले की वाचकाला ते लगेच जाणवते. एवढा पसारा एकाच डोक्यातून निघणे कठीण. म्हणून बहुतेक लेखक खऱ्या इतिहासाकडे आणि खऱ्या धर्मांकडे उसनवारीला जातात.

ही उसनवारी दोन तऱ्हांची असते. कोणी नावे, पदव्या, पोशाख आणि कमानी उचलतो. कोणी कारणे उचलतो: सत्ता कशावर टिकते, का कोसळते, श्रद्धेवर कोणाचे पोट चालते, पराभवानंतर लोक स्वतःला काय सांगतात. पहिल्या तऱ्हेने नेपथ्य छान होते. राष्ट्र मात्र दुसऱ्या तऱ्हेने उभे राहते. गेल्या शतकातल्या ठळक कृती या कसोटीवर घासल्या की काही नावाजलेल्या कृतींचा मुलामा उडतो आणि काही जुन्या कृती अनपेक्षितपणे टिकतात.

विज्ञानकथा हे नाव रूढ होण्याआधीच अशी राष्ट्रे लिहिली जात होती. थॉमस मोरच्या ‘युटोपिया’त (1516) एकाच बेटावर अनेक पंथ शेजारी शेजारी नांदतात. पुढच्याच वर्षी युरोपात धर्मसुधारणेचा वणवा पेटला आणि 1535 मध्ये राजाचे धर्मप्रमुखपद मान्य न केल्याबद्दल खुद्द मोरचे डोके उडवले गेले. सॅम्युएल बटलरच्या ‘एरेव्हॉन’मध्ये (1872) ‘सांगीतिक बँका’ आहेत. त्यांच्या चलनाला समाजात मोठा मान, पण बाजारात ते कोणी घेत नाही. इंग्लंडमधल्या चर्चवर याहून नेमकी टीका क्वचितच झाली असेल. भारतातले लखलखीत उदाहरण रुकैया सखावत हुसेन यांच्या ‘सुलतानाज् ड्रीम’चे. 1905 मध्ये ती कथा मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये इंग्रजीत आली. तिच्यातल्या देशात पुरुष पडद्यात आणि बायका कारभारात. जनान्याच्या जागी तिथे ‘मर्दाना’ आहे, आणि शत्रूचे सैन्य बायकांनी सूर्याची उष्णता एकवटून परतवले आहे. लेखिकेने बंगाली मुसलमान घरातली एकच रूढी घेतली आणि उलटी करून ठेवली. बाकीचे राष्ट्र त्या एका बदलातून आपोआप उलगडत गेले.

विसाव्या शतकातल्या अमेरिकी विज्ञानकथेचे आवडते माहेर म्हणजे रोम. आयझॅक अॅसिमोव्हने एडवर्ड गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरचा ग्रंथ दोनदा वाचला होता. 1 ऑगस्ट 1941 रोजी संपादक जॉन कॅम्पबेलकडे जाताना त्याला आकाशगंगेतले साम्राज्य कोसळण्याची कल्पना सुचली आणि 1942 च्या मे महिन्यात ‘फाउंडेशन’ मालिकेची पहिली कथा छापून आली. साम्राज्य बुडणारच, पण त्यानंतरचे तीस हजार वर्षांचे अंधारयुग एक हजार वर्षांवर आणता येईल, असे गणित कथेतला हॅरी सेल्डन मांडतो आणि त्यासाठी आकाशगंगेच्या टोकाला विद्वानांची वसाहत वसवतो. तीच फाउंडेशन.

अॅसिमोव्हचे गद्य कोरडे, पात्रे पुठ्ठ्याची, ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. पण गिबनकडून त्याने घेतली ती कारणे. बेल रिओज या त्याच्या सेनापतीच्या मागे सम्राट जस्टिनियनचा सेनापती बेलिसारियस उभा आहे. मालिकेतला तर्क असा: दुबळा सेनापती राज्य वाढवू शकत नाही, आणि पराक्रमी सेनापती राज्य वाढवू लागला की बलवान सम्राटाला त्याचीच भीती वाटू लागते. रिओज हरतो तो शत्रूकडून नव्हे, आपल्याच दरबाराच्या संशयामुळे. खऱ्या बेलिसारियसलाही जस्टिनियनने इटलीतून परत बोलावले होते. पराक्रमी सरदार आणि धास्तावलेला धनी ही जोडी मराठी वाचकाला नवी नाही.

या मालिकेतला धर्माचा उपयोग आणखी रोखठोक आहे. शेजारची अर्धरानटी राज्ये अणुशक्तीचे शास्त्र विसरली आहेत. फाउंडेशन त्यांना यंत्रे देते, पण शास्त्र देत नाही; देते ते पुरोहित. कळ दाबण्याचे मंत्र त्यांना पाठ असतात, यंत्र का चालते ते ठाऊक नसते. त्यांतल्या अॅनाक्रिऑनचा राजप्रतिनिधी फाउंडेशनवर चढाई करतो, तेव्हा त्याच्याच युद्धनौकेवरचा पुरोहित थिओ अपोरात खलाशांसमोर नौकेला शाप देतो. त्याच क्षणी दिवे विझतात, यंत्रे थंडावतात आणि नौका अंतराळात मेल्यासारखी लटकते. त्या एका प्रसंगात धर्म, तंत्रज्ञान आणि परराष्ट्र धोरण एकाच दोरीत वळले जातात. पुढे व्यापारी येतात, धर्माची पकड सैल होते आणि पैसा त्याची जागा घेतो. श्रद्धा असलेली माणसे अॅसिमोव्हला कळत नाहीत. श्रद्धेचा वापर करणारी मात्र चांगली कळतात.

रोमची पुढे सवय झाली. ‘स्टार ट्रेक’मधले रोम्युलन लोक 1966 मध्ये अवतरले ते प्रीटर, सेंच्युरियन आणि रोम्युलस-रेमस नावाच्या दोन ग्रहांसह. मूळ कथेला एवढे पुरेसे होते, कारण ती पाणबुडीच्या पाठलागाच्या धर्तीवरची कथा होती. ‘स्टार वॉर्स’ने सम्राट आणि सिनेट रोमकडून, तर गणवेश व सैनिकांचे नाव नाझी जर्मनीकडून घेतले. हे सगळे नेपथ्यच, पण निदान त्यातून कोणा जिवंत माणसाची चेष्टा झाली नाही. 1934 मध्ये सुरू झालेल्या ‘फ्लॅश गॉर्डन’ चित्रमालिकेत ते घडले. मोंगो ग्रहाचा क्रूर सम्राट मिंग म्हणजे त्या काळच्या अमेरिकेतली चिनी माणसाबद्दलची भीती. तिला फक्त अंतराळाचा पत्ता दिला होता.

रोम बुडाल्यावर पुस्तके मठांनी जपली, हा त्या इतिहासाचा दुसरा अंक. वॉल्टर मिलरच्या ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ची (1959) उभारणी त्यावर आहे आणि इथे इतिहास लेखकाच्या अंगावरून गेलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात मिलर बॉम्बफेकी विमानावर होता. इटलीतल्या मोंते कासिनोवरच्या हल्ल्यांत त्याचा सहभाग होता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने स्थापलेला तिथला मठ 15 फेब्रुवारी 1944 रोजी दोस्तांच्या विमानांनी जमीनदोस्त केला. युद्धानंतर मिलर कॅथलिक झाला.

त्याच्या कादंबरीत अणुयुद्धानंतर उरलेले लोक चिडून शास्त्रज्ञांना आणि पुस्तकांना जाळत सुटतात, आणि वाळवंटातल्या एका मठातले भिक्षू उरलासुरला कागद सांभाळत बसतात. त्यांच्या संतपुरुषाचा एक पवित्र अवशेष म्हणजे वाणसामानाची यादी. ब्रदर फ्रान्सिस एका विद्युतमंडलाच्या निळ्या नकाशाची सोनेरी वेलबुट्टीची प्रत करण्यात पंधरा वर्षे घालवतो. नकाशा कशाचा ते त्याला कळत नाही. वाटेत दरोडेखोर भेटतो तो सोनेरी प्रत पळवतो आणि साधा मूळ कागद टाकून जातो. मठाची शिस्त, पोपकडून संतपद मिळवण्याची दगदग, न कळणारे हस्तलिखित जपण्यातली निष्ठा हे सारे मिलरने मध्ययुगीन चर्चमधून जसेच्या तसे आणले, आणि तरीही ते भविष्यातले वाटते. कारण साधे आहे: अर्थ विसरल्यावरही मजकूर जपणारी माणसे प्रत्येक काळात असतात. घनपाठी वैदिकांच्या देशात हे वेगळे सांगायला नको.

या सगळ्या प्रश्नात सर्वांत जास्त चघळली गेलेली कृती म्हणजे फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ (1965). वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारल्यावर ती मोटार दुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रकाशनाने काढली. सुरुवात झाली ओरेगॉनच्या किनाऱ्यावर सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या गवत लावून कशा थोपवतात, या 1957 मधल्या एका लेखाच्या तयारीतून. तो लेख अपुराच राहिला. त्यातून हर्बर्ट वाळवंटाकडे, वाळवंटातून उगवलेल्या धर्मांकडे आणि तिथून प्रेषितांकडे वळला.

अराकिस ग्रहावरचे फ्रेमेन लोक अरबांवरून घेतले, असे सर्रास म्हटले जाते. ते निम्मेच खरे. मह्दी, जिहाद, फिदायीनवरून केलेले ‘फेदायकिन’ हे शब्द अरबी आहेत, ‘पादिशाह’ फार्सी. पण फ्रेमेनांच्या गुप्त भाषेचे नाव चकोब्सा आणि कादंबरीतला ‘किंजल’ हा खंजीर कॉकेशसमधून आले. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मुसलमान टोळ्यांनी इमाम शमिलच्या नेतृत्वाखाली रशियाशी दीर्घ झुंज दिली. 1859 मध्ये शमिल शरण गेला. त्या लढ्यावरचे लेस्ली ब्लांच यांचे ‘द सेबर्स ऑफ पॅराडाइज’ हे पुस्तक 1960 चे, आणि हर्बर्टने त्यातून भरभरून घेतले. त्यात अरबांना तुर्कांविरुद्ध उठवणारा टी. ई. लॉरेन्स मिसळला, खनिज तेलाच्या जागी ‘मसाला’ आणला, आणि यंत्रबंदीची जुनी घटना घडवून तिला बटलरची आठवण करून देणारे नाव दिले. धर्मांची तर त्याने खिचडीच केली. फ्रेमेनांचा पंथ ‘झेनसुन्नी’, साम्राज्याचा ग्रंथ ‘ऑरेंज कॅथलिक बायबल’. वीस हजारांहून अधिक वर्षांत धर्म एकमेकांत विरघळतील, हा अंदाज विनोदी वाटला तरी चुकीचा नाही. नाथपंथ, सूफी आणि वारकरी यांची देवघेव पाहिलेल्या भूमीत तर तो मुळीच चुकीचा वाटत नाही.

हर्बर्टचे कसब मात्र शब्दांच्या यादीत शोधू नये. ते एका थुंकीत दिसते. फ्रेमेनांचा पुढारी स्टिलगर ड्यूक लेटोच्या मेजावर थुंकतो. रक्षकांचे हात शस्त्रांकडे जातात. ड्यूकचाच माणूस डंकन आयडाहो त्यांना थांबवतो आणि अंगातला ओलावा भेट दिल्याबद्दल स्टिलगरचे आभार मानून स्वतःही थुंकतो. जिथे पाण्याचा थेंब मोलाचा, तिथे थुंकणे हा मान. हा रिवाज हर्बर्टने भूगोलावरून, एकेक पायरी चढत काढला. प्रेताचे पाणी टोळीच्या साठ्यात जाणे, मृतासाठी डोळ्यांतून पाणी काढणे ही मोठी गोष्ट मानणे, हे त्याच तर्काचे पुढचे टप्पे.

दुसरी खोल उसनवारी धर्मप्रसाराची. बेने गेसेरिट हा स्त्रियांचा गुप्त पंथ मागासलेल्या ग्रहांवर आधीच भविष्यवाण्या पेरून ठेवतो, म्हणजे पंथातली एखादी बाई पुढे संकटात सापडली तर लोक तिला संतमाता मानतील. कादंबरीचा नायक, ड्यूकचा मुलगा पॉल आणि त्याची आई या पेरलेल्या श्रद्धेवर जगतात आणि तीच श्रद्धा शेवटी पॉलच्या हाताबाहेर जाते. पुढच्या ‘ड्यून मसाया’त (1969) त्याच्या नावाने चाललेल्या जिहादात 61 अब्ज माणसे मेल्याचा हिशेब खुद्द पॉलच मांडतो. तारणहारापासून सावध करायला हर्बर्टने कादंबरी लिहिली, आणि बऱ्याच वाचकांनी पॉलला तारणहार म्हणूनच डोक्यावर घेतले. दोष निव्वळ वाचकांचा नाही. पहिल्या भागात विजयाची धुंदी लेखकानेच इतकी रंगवली आहे. वाळवंटातल्या लोकांना मुक्त करायला बाहेरचा गोरा राजपुत्र लागतो, या आक्षेपालाही कादंबरीत अर्धेच उत्तर आहे. 1965 मध्ये ‘जिहाद’ हा शब्द अमेरिकी वाचकाला केवळ दूरदेशीचा वाटत असे. 2021 च्या चित्रपटात पॉलच्या तोंडी त्याऐवजी ‘पवित्र युद्ध’ आले. उसना घेतलेला शब्द मूळ घरी बदलत राहतो आणि कादंबरीतही त्याचा अर्थ हलत राहतो.

हिंदू धर्मावर उभे केलेले सर्वांत गाजलेले राष्ट्र रॉजर झेलाझ्नीच्या ‘लॉर्ड ऑफ लाइट’मधले (1967). दूरच्या ग्रहावर वसाहत करायला आलेल्या जहाजाचे नाव ‘स्टार ऑफ इंडिया’. जहाजावरचे अधिकारी तंत्रज्ञान आपल्याच मुठीत ठेवून ब्रह्मा, यम, काली, अग्नी बनून बसले आहेत. त्यांच्याकडे नवे शरीर देण्याचे यंत्र आहे. माणूस म्हातारा झाला की त्याच्या मनाची तपासणी होते आणि निकालानुसार तरुण देह, रोगट देह किंवा जनावराचा देह मिळतो. नाणे टाकून प्रार्थना करण्याची यंत्रे देवळात आहेत. कोणी छापखाना शोधून काढला की देव तो मोडून टाकतात. या सत्तेविरुद्ध सॅम हा जुना खलाशी बुद्ध बनून उभा राहतो. त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास नाही. त्याला मारायला आलेला मारेकरी मात्र त्याचे प्रवचन ऐकून खरोखर बोधाला पोचतो. पुस्तकातला हा सर्वांत सुंदर भाग.

भारतीय वाचक या पुस्तकापुढे दुहेरी कात्रीत सापडतो. कर्म आणि पुनर्जन्म यांचा हिशेब ज्याच्या हाती त्याच्या हाती राज्य, ही कल्पना नेमकी आहे. पोथीची किल्ली कोणाकडे, हा वाद महाराष्ट्राने शतकानुशतके घातला आहे. वैदिक कर्मकांडाला आव्हान देणारा बुद्ध हाही इतिहासातून घेतलेला खरा संघर्ष. पण तपशिलात गडबड आहे. ऋग्वेदातली निर्ऋती ही ऱ्हासाची देवता स्त्री. झेलाझ्नीने तिचे नाव एका ख्रिस्ती पुरुषाला दिले. गावात पिकते काय, लग्ने कशी जुळतात, जात कुठे आडवी येते, याचा पत्ता नाही. देव आहेत, राजवाडे आहेत, आणि त्यांच्यामध्ये समाजाच्या जागी पोकळी आहे. या पुस्तकाचे पुढचे चरित्र कादंबरीहून अद्भुत: त्यावरच्या नियोजित चित्रपटाची संहिता ‘आर्गो’ नाव देऊन अमेरिकी गुप्तचर संस्थेने वापरली आणि जानेवारी 1980 मध्ये तेहरानमध्ये लपलेल्या सहा अमेरिकनांना चित्रपटाच्या चमूतले लोक म्हणून बाहेर काढले.

उसने न दिसता उसने घेण्याची कला अर्सुला ले ग्विन हिला सर्वांत जास्त साधली. तिचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामांकित मानववंशशास्त्रज्ञ. परक्या समाजाकडे पाहायचे कसे, हे ती घरातच शिकली. ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मधल्या (1969) हिमाच्छादित गेथेन ग्रहावर कारहाइड हे राजेशाही आणि ऑर्गोरेन हे कारकुनी राज्य शेजारी आहेत. ऑर्गोरेनच्या ‘स्वयंसेवी शेतां’त सोव्हिएत श्रमछावण्या ओळखू येतात. कारहाइडमधल्या हंदारा पंथाला ना पोथी, ना पुरोहितांची उतरंड. अज्ञान आणि स्तब्धता यांना तिथे किंमत आहे. तो ताओ मताचा नातलग आहे, पण चिनी शब्द एकही नाही. पुढे 1997 मध्ये ले ग्विनने ताओ ते चिंगची स्वतःची आवृत्ती काढली. कारहाइडमध्ये चालू वर्ष नेहमी पहिले असते. नवे वर्ष लागले की मागची सगळी वर्षे एकाने मागे सरकतात. शकाचा आकडा हा राज्यकर्त्यांचा दावा असतो, हे शालिवाहन शक, राज्याभिषेक शक आणि इसवी सन एकत्र वागवणाऱ्या वाचकाला चटकन कळेल. अशा एका तपशिलाने ले ग्विन जे सांगते, त्याला इतर लेखक परिशिष्टे जोडतात.

मार्गारेट ॲटवुडने उलटी वाट धरली. ‘द हँडमेड्स टेल’मधल्या (1985) गिलियड या राष्ट्रासाठी तिने स्वतःवर बंधन घातले: जगात कुठेतरी, कधीतरी घडलेले नाही असे काहीही घालायचे नाही. पाया सतराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडमधल्या प्युरिटन वसाहतींचा. पुस्तक ज्यांना अर्पण केले त्यांतली मेरी वेब्स्टर ही चेटकीण ठरवून फासावर लटकवूनही वाचलेली बाई. स्त्रीच्या कुशीवर राज्याचा हक्क ही कल्पना दूरची नव्हती. रुमेनियात 1966 च्या फर्मानाने गर्भपातावर बंदी आली होती. दासीच्या पोटी वंश वाढवण्याला आधार बायबलमधल्या राहेल आणि तिच्या दासीचा. लेखन सुरू झाले 1984 मध्ये, भिंतीने वेढलेल्या पश्चिम बर्लिनमध्ये.

गिलियडमध्ये बायकांना वाचायला बंदी, म्हणून दुकानांच्या पाट्यांवर अक्षरे पुसून चित्रे रंगवली आहेत. घरातले बायबल कुलपात असते. ते काढतो आणि वाचतो फक्त घरधनी. धर्मग्रंथाचा धाक आणि धर्मग्रंथ वाचण्याची मनाई ही जोडी ॲटवुडला अमेरिकेतल्या गुलामांच्या इतिहासातही सापडली असती; आपल्याकडे तर ती शोधावीही लागत नाही. पुस्तकातल्या प्रत्येक क्रौर्याला खऱ्या जगात नमुना आहे. त्यामुळे गिलियड टीकाकारांना अतिरंजित म्हणता येत नाही. ॲटवुडने पुढे या पुस्तकाला विज्ञानकथा म्हणायला खळखळ केली. तिला काहीही वाटो, राष्ट्र घडवण्याच्या कारागिरीत ते याच पंक्तीत बसते.

इतिहासाची एकच वीट काढून इमारत कशी झुकते ते पाहणे, ही वेगळी शाखा. मराठीत तिचा उत्तम नमुना जयंत नारळीकरांचा. ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या स्पर्धेला पाठवली, हे सर्वश्रुत आहे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा ‘द ॲडव्हेंचर’ नावाने अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातून देशभर पोचली. 14 जानेवारी 1761 रोजी विश्वासरावांना गोळी लागली. कथेतल्या दुसऱ्या जगात ती चाटून जाते. मराठे जिंकतात, दिल्लीची गादी बाहुली म्हणून ठेवतात, आणि ईस्ट इंडिया कंपनी मुंबई, कलकत्ता, मद्रासच्या पट्ट्यांत आक्रसते. पुण्याहून निघालेल्या प्रा. गायतोंड्यांना घाट उतरल्यावर सरहद नावाचे स्थानक लागते आणि तिथे परवाने तपासले जातात. मुंबईला जायला परवाना! अख्खी पर्यायी राज्यव्यवस्था त्या एका फलाटावर उभी आहे. मराठ्यांना नुसते विजयी करून नारळीकर थांबत नाहीत. कंपनीच्या तंत्रज्ञानाचे महत्त्व पेशवे ओळखतात आणि स्वतःची विज्ञानकेंद्रे काढतात. तेवढ्यामुळे विजय टिकतो. वीट काढल्यावर भार कुठे जातो, ते लेखकाने मोजले आहे.

किम स्टॅन्ली रॉबिन्सनने ‘द इयर्स ऑफ राइस अँड सॉल्ट’मध्ये (2002) चौदाव्या शतकातल्या प्लेगने जवळजवळ सगळा युरोप पुसून टाकला आणि पुढची सात शतके चीन व इस्लामी जगाच्या हवाली केली. तीच ती पात्रे पुनर्जन्म घेत राहतात आणि दोन जन्मांच्या मधे तिबेटी ‘बार्दो’त भेटतात. विज्ञान आणि समाजसुधारणेच्या आघाडीवर त्यात त्रावणकोर आहे, ही निवड अभ्यासू आहे.

उलट टोक म्हणजे डेव्हिड ड्रेक आणि एरिक फ्लिंट यांची बेलिसारियस मालिका (1998 ते 2006, सहा कादंबऱ्या). सहाव्या शतकातला बेलिसारियस भारतातल्या दुष्ट माळवा साम्राज्याशी लढतो. त्याचे साथी कोण, तर शेवटची सातवाहन राजकन्या शकुंतला आणि मराठा सरदार रघुनाथ राव. सातवाहन सत्ता तिसऱ्या शतकातच संपली होती, आणि ‘रघुनाथराव’ हे नाव वाचताच मराठी माणसाला अठरावे शतक आणि शनिवारवाडा आठवतो. दीड हजार वर्षांचे दख्खन लेखकांनी एका घडीत बसवले. वेगवान साहस म्हणून मालिका वाचनीय आहे. पण अॅसिमोव्हच्या बेलिसारियसशेजारी ठेवली की फरक उघड होतो. तिथे नाव बदलले आणि कारण राखले. इथे नावे राखली.

पडद्यावरच्या राष्ट्रांना वेळ कमी मिळतो, म्हणून ती चटकन ओळखू येईल असे काही शोधतात. ‘डीप स्पेस नाइन’मधले (1993) बाजोर मात्र विचारपूर्वक घडले आहे. दीर्घ लष्करी ताब्यातून नुकतेच सुटलेले, धर्मगुरूंच्या हाती नैतिक सत्ता असलेले हे राष्ट्र पॅलेस्टिनी, ज्यू, कुर्द अशा कोणाही एकाचे रूपक नाही. मालिका विचारते ते असे: ताबा संपल्यावर कालचे क्रांतिकारक आज काय करतात, आणि शत्रूशी जुळवून घेतलेल्या शेजाऱ्याशी कसे वागायचे. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ची 1978 ची आवृत्ती मॉर्मन पंथाच्या खुणांनी भरलेली, कारण तिचा निर्माता ग्लेन लार्सन त्या पंथाचा. 2004 च्या नव्या मालिकेत अनेक देव मानणारी माणसे आणि एकच देव मानणारी यंत्रे अशी मजेदार उलटापालट आहे. तिच्या शीर्षकसंगीतात गायत्री मंत्र ऐकू येतो. कथेतल्या ग्रीक देवांशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

वाकांडाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. 1966 च्या चित्रकथेतून आलेले हे कधीही गुलाम न झालेले आफ्रिकी राष्ट्र 2018 च्या ‘ब्लॅक पँथर’मध्ये खोसा भाषा बोलते, लेसोथोची ब्लँकेटे पांघरते आणि न्देबेले स्त्रियांची गळ्यातली वळी मिरवते. एका खंडाच्या दूरदूरच्या चालीरीती एका दरीत गोळा करणे हा नेपथ्याचाच प्रकार. तरीही चित्रपट उभा राहतो तो एका खऱ्या ऐतिहासिक प्रश्नावर: आपण वाचलो, पण गुलाम म्हणून नेलेल्या भावंडांचे काय? आणखी एक तपशील भारतापुरता. वाकांडातली जबारी टोळी हनुमानाची उपासक आहे. इथे प्रदर्शित करताना संवादातले ते नाव ऐकू येणार नाही अशी व्यवस्था झाली. झ्यूसला कथेत कुठेही बसवा, कोणी हरकत घेत नाही, कारण झ्यूसच्या देवळात आज कोणी आरती करत नाही. ज्या देवासमोर शनिवारी रांग लागते, त्याची उसनवारी वेगळ्याच हिशेबाने करावी लागते.

अलीकडच्या कृतींत आर्केडी मार्टिनची ‘अ मेमरी कॉल्ड एम्पायर’ (2019) वेगळी काढावी लागते. लेखिका बायझंटाइन इतिहासाची अभ्यासक. तिच्या मनात 1045 मध्ये बायझंटाइन साम्राज्याने गिळलेले आनी हे आर्मेनियन राज्य होते. कादंबरीत बलाढ्य तेइक्सकलान साम्राज्य आणि तीस हजार वस्तीचे एक छोटे अंतराळस्थानक समोरासमोर आहेत. साम्राज्यातली नावे ‘तीन समुद्रतृण’ अशी आकडा आणि वस्तू जोडून. हा रिवाज मेक्सिकोतल्या मिश्तेक लोकांचा. दरबारात राजकारण चालते कवितेतून. माहित द्झमारे ही स्थानकाची राजदूत त्या साहित्यावर लहानपणापासून जीव टाकते आणि तेच साहित्य तिला रानटी म्हणते. साम्राज्याच्या भाषेत ‘जग’, ‘साम्राज्य’ आणि ‘नगरी’ यांना एकच शब्द आहे. इंग्रजी शाळेत शेक्सपिअर घोकलेल्या, पॅरिसमध्ये शिकलेल्या वा पणजीत पोर्तुगीज कविता लिहिलेल्या माणसाची ही अवस्था. गिळणाऱ्याच्या प्रेमात पडलेल्याची बाजू विज्ञानकथेने इतकी जवळून क्वचितच मांडली होती.

मराठीत नारळीकरांची वाट पुढे फारशी रुंदावली नाही. बहुतेक मराठी विज्ञानकथा प्रयोगशाळा, रुग्णालय आणि फ्लॅट यांतच वावरते. सामग्रीची टंचाई हे कारण देता येणार नाही. चौथ म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. स्वतःच्या मुलखाबाहेर असा कर वसूल करून त्याच्या बदल्यात लुटीपासून अभय देणारे राज्य, ही व्यवस्था कुठल्याही कल्पित साम्राज्याला पुरून उरेल. गोव्यात पोर्तुगीजांनी हिंदूंवर शेंडी राखल्याबद्दल कर बसवला होता. कादंबरीत असा कर घातला तर संपादक तो अविश्वसनीय म्हणून काढायला लावील.

राष्ट्र नव्याने घडवताना भाषेचे काय होते, याचा तर खरा प्रयोगच झालेला आहे. 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. दरबारातल्या फार्सी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशवा झाला मुख्य प्रधान, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, डबीर सुमंत, सरनौबत सेनापती. काही नावे रुळली, काही कागदावरच राहिली. पुढच्या शतकात सगळी सत्ता ज्या पदाकडे गेली, त्याला लोकांनी पेशवा म्हणणे सोडले नाही, आणि मुजुमदारांची आडनावे पुण्यातल्या दारांवर आजही आहेत.